शून्यापासून की एकापासून? ॲरेतील अनुक्रमांकांची पार्श्वभूमी

विदर्भाच्या कोरडवाहू पट्ट्यात पेरणी, डवरणी आणि पीकविमा या तिन्हींचा हिशेब पावसाच्या नोंदींवर चालतो, आणि महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरचे रोजचे आकडे आता गावातल्या शिकलेल्या मुलांच्या लॅपटॉपवरही पोहोचले आहेत. १ जून ते ३० सप्टेंबर हे पावसाळ्याचे १२२ दिवस. हे १२२ आकडे ओळीने एका यादीत, म्हणजे संगणकाच्या परिभाषेत ॲरेत, भरले की पहिलाच प्रश्न उभा राहतो: १ जूनचा पाऊस या यादीत कितव्या क्रमांकावर आहे? बारावीला सी प्लस प्लस ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा शिकलेली मुलगी शून्याव्या म्हणेल, कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्रासाठी आर ही भाषा शिकलेला तिचा भाऊ पहिल्या म्हणेल, आणि आपापल्या भाषेत दोघांचेही उत्तर बरोबर असेल. हा फरक कोणाच्या लहरीतून आलेला नाही. त्यामागे यंत्रांची घडण आहे, गणिताची सवय आहे आणि काही माणसांनी जाणूनबुजून घेतलेले निर्णय आहेत.

मुळात यादीतील जागा सांगण्याच्या दोन रीती आहेत. पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्याशी उभे राहून ‘पहिले तास, दुसरे तास’ असे मोजता येते. किंवा धुऱ्यालगतच्या तासापासून पुढे किती तास ओलांडायचे ते सांगता येते, आणि मग त्या धुऱ्यालगतच्या तासासाठी काहीच ओलांडावे लागत नाही, म्हणजे त्याचा आकडा शून्य येतो. संगणकाच्या स्मृतीला दुसरीच रीत कळते. यादीच्या पहिल्या घटकाचा पत्ता घ्यायचा, किती घटक ओलांडायचे त्या आकड्याला एका घटकाच्या आकाराने गुणायचे आणि ती रक्कम पत्त्यात मिळवायची, एवढेच यंत्राचे काम असते.

अगदी सुरुवातीच्या संगणकांत तर हेही सरळ करता येत नव्हते. यादीतील पुढच्या घटकाकडे जायचे तर चालू प्रोग्रॅमनेच स्वतःच्या आज्ञेतील पत्ता बदलून घ्यायचा, अशी पद्धत होती. इंग्लंडमधील मँचेस्टर मार्क १ या यंत्रात १९४९ मध्ये इंडेक्स रजिस्टरची, म्हणजे पत्त्यात मिळवायचा आकडा वेगळा ठेवण्याच्या जागेची, सोय आली आणि मूळ आज्ञेला हात न लावता पत्ता पुढे सरकवता येऊ लागला. ॲरे ही कल्पना भाषांमध्ये रुळली ती या सोयीच्या पायावर.

१९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रॅन ही भाषा आणली. ती वैज्ञानिक आणि अभियंत्यांसाठी होती, आणि मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्याची, पहिली ओळ, पहिला स्तंभ असेच लिहिणाऱ्या या मंडळींच्या सवयीला धरून तिच्या ॲरेची सुरुवात एकापासून झाली. गंमत अशी, की ७०४ यंत्रात इंडेक्स रजिस्टरमधला आकडा पत्त्यात मिळवला जात नसे, तो वजा होत असे, आणि म्हणून त्या पहिल्या फोरट्रॅनमध्ये ॲरे स्मृतीत उलट्या क्रमाने ठेवले जात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नसे, कारण मधले सगळे रूपांतर कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या यंत्राला कळणाऱ्या आज्ञा बनवणारा प्रोग्रॅम, करत असे. एकापासून मोजणी केली तर यंत्राला दरवेळी एक वजा करावा लागतो, असे आजही सांगितले जाते; पण तो एक कंपायलर बहुतेक वेळा मूळ पत्त्यातच आधी वळता करून ठेवू शकतो. त्यामुळे वेगाचा मुद्दा वाटतो तेवढा वजनदार नाही, असे माझे मत आहे.

अल्गोल ६० या भाषेने निर्णय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडला. खालची सीमा आणि वरची सीमा दोन्ही तोच ठरवणार. निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये मांडलेली पास्कल आणखी पुढे गेली, आणि तिच्यात महिन्यांची नावे हीच ॲरेची अनुक्रमणी होऊ शकत होती. पावसाच्या नोंदींसाठी याहून वाचनीय मांडणी सापडणे कठीण. मात्र मूळ पास्कलमध्ये ॲरेची लांबी त्याच्या प्रकाराचाच भाग असे, म्हणून ३१ दिवसांच्या जुलैची सरासरी काढणारी प्रक्रिया ३० दिवसांच्या जूनला लागू होत नसे. ब्रायन कर्निहॅन यांनी १९८१ मध्ये पास्कलवर जी टीका केली, तिच्यातील हा एक मुख्य मुद्दा होता.

शून्याचा आजचा दबदबा मात्र दुसऱ्या घराण्यातून आला. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल, तिच्यावरून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी केलेली बी आणि तिच्यातून १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेली सी, असा हा वंश आहे. सीमध्ये पाऊस[५] याचा अर्थ इतकाच, की पाऊस या पत्त्यात पाच घटकांचे अंतर मिळवा आणि तिथे जे आहे ते आणा. बेरजेत संख्यांची अदलाबदल चालते, म्हणून ५[पाऊस] असे लिहिले तरी सी ते मुकाट्याने मान्य करते. हे विचित्र दिसणारे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते, कारण सीमधील कंस म्हणजे पत्त्याच्या बेरजेचेच छोटे रूप आहे हे त्यातून उघड होते. अशा भाषेत सुरुवात शून्याखेरीज दुसरीकडून होणे अवघडच होते. पुढे सी प्लस प्लस, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांनी तीच वाट धरली.

यंत्र बाजूला ठेवूनही शून्याची बाजू घेता येते, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ च्या एका छोट्या हस्तलिखित टिपणात दाखवले. सलग संख्यांचा पल्ला सांगताना खालचे टोक धरायचे आणि वरचे टोक सोडायचे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या १२२ दिवसांवर तो पडताळून पाहता येतो. शून्यापासून मोजले तर जून ० ते ३०, जुलै ३० ते ६१, ऑगस्ट ६१ ते ९२ आणि सप्टेंबर ९२ ते १२२ असे पल्ले पडतात. प्रत्येक महिना जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू होतो, आणि दोन टोकांची वजाबाकी केली की त्या महिन्याचे दिवस थेट हाती येतात, जसे जुलैचे ६१ वजा ३० म्हणजे ३१. एकही दिवस नसलेला पल्लाही ३० ते ३० असा सहज लिहिता येतो. आरमध्ये हाच जुलै ३१ ते ६१ असा, दोन्ही टोके धरून लिहिला जातो, आणि दिवस मोजताना वजाबाकीत एक मिळवावा लागतो. डाइक्स्ट्रा यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातील मेसा या भाषेचा दाखला दिला होता. तिच्यात टोके धरण्या-सोडण्याच्या चारही पद्धती उपलब्ध होत्या, आणि बाकीच्या तीन पद्धतींतून चुका वाढतात असा अनुभव तिथे आला होता.

पावसाचा खंड मोजताना ही शिस्त किती उपयोगी आहे ते दिसते. शून्यापासूनच्या मोजणीत ११ जुलै ४० व्या जागी आणि २ ऑगस्ट ६२ व्या जागी येतो. या दोन दिवशी पाऊस झाला आणि मधले दिवस कोरडे गेले, तर खंड किती दिवसांचा? ६२ वजा ४० म्हणजे २२ असे उत्तर पटकन येते, आणि ते चूक आहे. कोरडा पल्ला ४१ पासून सुरू होतो आणि ६२ च्या अलीकडे संपतो, म्हणून तो २१ दिवसांचा आहे. एका दिवसाची ही चूक एकापासून मोजणाऱ्या भाषेतही तशीच होते. सुरुवात कुठून करायची यापेक्षा टोके कशी धरायची हा प्रश्न जास्त खोल आहे, असे मी म्हणतो ते यामुळेच.

पायथन १९९१ मध्ये आली. तिच्या आधीच्या एबीसी या भाषेत मोजणी एकापासून होती. तरी पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी शून्य निवडले, आणि त्यामागे यादीचे तुकडे पाडण्याची हीच सोय असल्याचे त्यांनी पुढे स्पष्ट केले. गणिताकडे झुकलेल्या मॅटलॅब, आर आणि २०१२ मधील जूलिया या भाषा एकावर ठाम राहिल्या. मधला मार्ग काढणाऱ्यांचा अनुभव फारसा चांगला नाही. पर्लमध्ये सुरुवातीचा आकडा बदलण्याची सोय होती, पण एकाच प्रोग्रॅमचे दोन भाग वेगवेगळ्या आकड्यांवर उभे राहू लागल्याने ती टप्प्याटप्प्याने मोडीत काढली गेली आणि २०१९ च्या ५.३० या आवृत्तीत बंदच झाली.

यादीबाहेरची जागा मागितली तर काय व्हावे, यावर भाषांमध्ये याहून मोठे मतभेद आहेत. पाऊस[-१] असे लिहिले तर पायथन शेवटचा, म्हणजे ३० सप्टेंबरचा आकडा देते. आर १ जून वगळून उरलेले १२१ आकडे देते. जूलिया चूक दाखवून थांबते. आणि सी यादीच्या आधी स्मृतीत जे काही पडले असेल ते उचलून आणू शकते. सीमा तपासण्याचा आग्रह जुना आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितले होते, की त्यांच्या अल्गोल कंपायलरमध्ये प्रत्येक अनुक्रमांक प्रोग्रॅम चालताना तपासला जाई, आणि वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची मुभा हवी का असे विचारल्यावर ग्राहकांनी एकमताने नकार दिला. सीने ती तपासणी ठेवली नाही, आणि इंटरनेटवर स्वतःहून पसरणाऱ्या १९८८ च्या मॉरिस वर्म या प्रोग्रॅमने ज्या वाटांनी संगणकांत शिरकाव केला त्यांपैकी एक वाट, मर्यादेपलीकडे लिहू देणारी, इथूनच निघाली होती. जावा आणि गो यांनी तपासणी परत आणली.

तुकडे पाडताना मात्र पायथनही सैल आहे. मंडळाच्या नोंदी २० सप्टेंबरपर्यंतच आल्या असतील, तर यादीत ११२ आकडे असतात. तरीही पाऊस[९२:१२२] असे मागितले तर पायथन काहीही न बोलता २० आकडे देते, आणि त्यांच्या बेरजेला ३० ने भागणाऱ्याची सप्टेंबरची सरासरी खरीपेक्षा कमी येते. आरमध्ये ९३ ते १२२ मागितल्यास उरलेल्या दहा जागी ‘उपलब्ध नाही’ अशी खूण येते, आणि ती मुद्दाम वगळायला सांगितल्याखेरीज त्या महिन्याची बेरीज निघत नाही.