रोकबी शेतघर

रोकबी : अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात फेरिसबर्ग येथे असलेले रॉबिन्सन या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबाचे शेतघर. टॉमस व जेमायमा रॉबिन्सन हे दांपत्य ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टहून १७९०च्या दशकात शँप्लेन खोऱ्यात आले. मूळ घर लहान होते. त्याला जोडलेला फेडरल शैलीतील (स्वातंत्र्योत्तर काळातील प्रमाणबद्ध अमेरिकी वास्तुशैली) दर्शनी भाग सर्वसाधारणपणे १८१४ च्या सुमाराचा मानतात. आवारात मांस धुरवण्याची खोली, दूधघर, धान्यकोठार, खुराडे व मेंढ्या बुचकळण्याचा हौद आहे.

कुटुंबाची भरभराट मेरिनो या तलम लोकरीच्या जातीच्या मेंढ्यांमुळे झाली. लिस्बनमधील अमेरिकी वाणिज्यदूत विल्यम जार्व्हिसने १८११ च्या सुमारास पोर्तुगालहून आणलेल्या कळपांनंतर ही जात व्हरमाँटभर पसरली. तिची दाट, तेलकट लोकर किडींना चांगला आसरा देते. मेंढी कातरली की ‘मेंढीची गोचीड’ (वस्तुतः बिनपंखी माशी) उघड्या अंगावरून कोकरांच्या केसांत शिरते. म्हणून कातरणीनंतर काही दिवसांनी कोकरे बुचकळावी लागत. एकोणिसाव्या शतकात यासाठी तंबाखूचा काढा सर्रास वापरत. या माशीचे कोष काढ्याने मरत नाहीत, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी दुसरी खेप न दिल्यास पहिली वाया जाई. १८४०च्या दशकात लोकरीचे भाव घसरले आणि शेत हळूहळू दूध-लोणी व सफरचंदांकडे वळले.

रोलंड टॉमस रॉबिन्सन (१७९६–१८७९) व त्यांची पत्नी रेचेल गिलपिन हे कट्टर गुलामगिरीविरोधक होते. व्हरमाँट गुलामगिरीविरोधी संस्थेच्या (१८३४) संस्थापकांत रोलंड होते, तर रेचेल गुलामांच्या श्रमातून आलेला माल टाळीत. ‘भूमिगत रेल्वे’तील (पळालेल्या गुलामांना मदत करणाऱ्या गुप्त जाळ्यातील) या घराच्या स्थानाबद्दल मात्र मतभेद आहेत. जुन्या स्थानिक परंपरेत गुप्त खोली व रात्रीचा पाठलाग ठळक आहे. कौटुंबिक पत्रे वेगळे सांगतात. १८३७ च्या जानेवारीत गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता ऑलिव्हर जॉन्सनने पेनसिल्व्हेनियातून सायमन नावाच्या पळून आलेल्या गुलामाची शिफारस केली ती कामाचा गडी म्हणून : घोडे सांभाळण्यात तरबेज, गवतकापणीत कोणाला न हरणारा. सायमन फेरिसबर्गला पोहोचला की नाही, हे पत्रांवरून ठरत नाही. जेसी हा दुसरा पळून आलेला गुलाम मात्र येथे राहिला. त्याच्या मुक्ततेसाठी रोलंडने नॉर्थ कॅरोलायनातील मालकाशी उघडपणे पत्रव्यवहार केला. मालकाने ३०० डॉलर मागितले; जेसीची शिल्लक होती १५०. लपवायचेच असते, तर मालकाला पत्ता कळवला नसता. दक्षिणेच्या सीमेपासून इतक्या दूर गुलाम पकडणारे क्वचितच येत आणि मोठ्या कळपाला मजूर लागतच. हे पाहता पत्रांचा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो.

लेखक-चित्रकार रोलंड इव्हान्स रॉबिन्सन (१८३३–१९००) हे पुढच्या पिढीतील. चार पिढ्यांच्या वास्तव्यानंतर, १९६१ मध्ये शेवटच्या सुनेच्या निधनाने घर संग्रहालयाकडे गेले. १९९७ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. कौटुंबिक पत्रे मिडलबरीच्या शेल्डन संग्रहालयात आहेत.