लंगोटातलं तेल काढायचं, लोकरीतलं राखायचं

बाळाच्या सुती लंगोटावर ओल बाहेर येऊ नये म्हणून लोकरीची चड्डी घालतात, तिला कव्हर म्हणतात. “लोकरीचं कव्हर गळायला लागलंय” असं कुणी म्हटलं की ठरलेला सल्ला येतो: उकळत्या पाण्यात सोडा टाका आणि चांगलं धुऊन काढा. सल्ला खराच आहे, पण तो खालच्या सुती लंगोटाचा. लोकरीला दिला की कव्हर कामातून जातं. मग “लोकर आपल्याकडे चालत नाही” म्हणून माणसं प्लॅस्टिकच्या चड्डीकडे वळतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

लंगोट कसे धुवायचे हे साताऱ्यात कुणाला सांगायची गरज नाही. रोज धुवा, पाणी कढत घ्या, कडक उन्हात दोरीवर टाका. झालं.

कव्हर मात्र रोज धुवायचं नसतं. नुसतं शूनं दमट झालं तर वाऱ्यावर टाकायचं आणि तोवर दुसरं घालायचं. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती साचून राहिली की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि नाकाला झोंबतो. वाळल्यावरही वास येत असेल किंवा शी लागली असेल तर धुवा. एरवी दोन-तीन आठवडे सहज निघतात.

आता खरा घोळ होतो तिथं येते. सुताचं काम पिण्याचं. धाग्यावर तेल बसलं की पाणी आत शिरत नाही, वरून ओघळतं. आपल्याकडे बाळाची रोज तेलाने मालीश होते आणि ते तेल लंगोटात उतरतं. म्हणून गळणाऱ्या लंगोटाला कढत पाणी आणि सोडा हाच इलाज. लोकरीचं बरोबर उलटं. मेंढीच्या कातडीतून लोकरीवर एक मेणचट पदार्थ येतो, त्याला लॅनोलिन म्हणतात. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडा लागतो, आणि वरचं मेण पाण्याच्या थेंबाला आत शिरू देत नाही. दोन्ही मिळून कव्हर बनतं. गिरणीत लोकर धुताना हे मेण बहुतेक निघून जातं, म्हणून नवं कोरं कव्हरसुद्धा आधी लॅनोलिन देऊनच घालायचं. म्हणजे लंगोट गळतो तेल चढल्यामुळे आणि कव्हर गळतं मेण उतरल्यामुळे. बाळाचं अंथरूण दोन्ही वेळा सारखंच भिजतं, म्हणून तर गफलत होते.

कुणाचा दोष आहे ते कळायला दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. लंगोटावर थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर लंगोट उकळा. कव्हरवर थेंब लगेच जिरला तर कव्हरला लॅनोलिन द्या. याआधी काहीही धुवायला घेऊ नका.

कव्हर धुवायचं ते कोमट पाण्यात, हातानं, न चोळता. मी रिठ्याच्या पाण्याशिवाय काही वापरत नाही. सोडा लोकरीचा धागा खातो, आणि डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या पावडरीही खातात, कारण लोकर म्हणजे प्रथिनच. “घोंगडी नाही का नदीवर बडवून धुतात?” हे ऐकलं की माझा संताप होतो. माण-खटावची घोंगडी दख्खनी मेंढीच्या जाड, राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. ही मेरिनो मेंढीची मऊ लोकर आहे.

माझ्या मुलीच्या वेळी अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींनी मायेनं लंगोटांच्या पातेल्यात कव्हरही टाकलं. बाहेर आलं ते तळहाताएवढं, नमद्यासारखं जाड. पायाच्या भोकातून माझी तीन बोटं कशीबशी जात होती. लोकरीच्या धाग्यावर कौलांसारखे बारीक खवले असतात. कढत पाण्यात ढवळलं की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत.

लॅनोलिन मेडिकलमध्ये ‘वूल फॅट’ म्हणून मागा. स्तनाग्रांना लावायचं शुद्ध लॅनोलिनचं मलमही चालतं. हरभऱ्याएवढं घेऊन पेलाभर कढत पाण्यात टाका, बेबी शाम्पूचे दोन-चार थेंब घाला आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळा. वर पिवळे थेंब तरंगत असतील तर शाम्पूचा अजून एक थेंब घाला, नाहीतर कव्हरवर चिकट डाग पडतात. शाम्पूऐवजी साबण घेणार असाल तर बोअरचं जड पाणी नको, त्यात साका धरतो, आरओ फिल्टरचं घ्या. हे दूध टबातल्या कोमट पाण्यात ओतून कव्हर उलटं करून रात्रभर बुडवून ठेवा. नव्या कव्हरला असं दोन-तीनदा करावं लागतं.

सकाळी पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरा. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस जातात, म्हणून निदान तीन कव्हरं हवीत. अर्धवट ओलं कव्हर घाईनं बाळाला घालू नका. त्यातलं लॅनोलिन खालच्या लंगोटात उतरतं, आणि मग तो लंगोट पाणी पीत नाही.