हळद किती चमचे, आणि कुणाला? दाह, नैराश्य आणि नागपूरचं ताट

ताप भरला की भूक मरते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं. हे सगळं काही जंतू करत नाही. आपल्याच रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी रसायनं रक्तात सोडतात आणि ती मेंदूला 'आता पड' म्हणून सांगतात. ताप उतरला की रसायनं ओसरतात, माणूस उठून कामाला लागतो. पण पोटावरची चरबी, हिरड्यांची जुनी सूज, तंबाखू-सिगारेट, मधुमेह, महिनोन् महिने अपुरी झोप यांतलं काही असेल तर हीच रसायनं मंद आचेवर वर्षानुवर्षं तयार होत राहतात. यालाच जुनाट दाह म्हणतात.

त्यातून खरंच नैराश्य येतं का, याचा सगळ्यात ठोस पुरावा औषधातूनच मिळाला. हेपॅटायटिस-सीवर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. ती दाह वाढवतात, आणि घेणाऱ्या दर तीन-चार जणांमागे एकाला नैराश्य येई. एक वाट ट्रिप्टोफॅनची आहे. डाळ, दूध, शेंगदाण्यातून मिळणाऱ्या या अमिनो आम्लापासून मेंदूत सेरोटोनिन बनतं. दाह असला की आयडीओ नावाचं विकर जागं होतं आणि ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिनकडे वळवतं. पुढे त्यातून क्विनोलिनिक आम्ल तयार होतं, ते चेतापेशींना नको इतकं उद्दीपित करतं.

मात्र सगळ्यांचं नैराश्य असं दाहाचं नसतं. रक्तातलं सीआरपी नावाचं प्रथिन लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर असणं ही दाहाची ढोबळ खूण, आणि ती नैराश्याच्या साधारण एक चतुर्थांश रुग्णांत सापडते. २०१३ साली अमेरिकेत ६० रुग्णांवर एक प्रयोग झाला. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब त्यांना दिलं. सरसकट बघितलं तर फायदा शून्य. ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं त्यांना उपयोग होताना दिसला. ज्यांचं कमी होतं, त्यांच्यात खोटं औषध घेणारेच जास्त सुधारले. हळदीपासून ग्रीन टीपर्यंत कोणत्याही दाहशामक वनस्पतीबद्दल काही वाचताना हा निकाल आधी आठवावा.

आता हळदीचा हिशेब. बाजारच्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, साधारण २ ते ५ टक्के असतं. वर्धा जिल्ह्यातल्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या वायगावच्या हळदीत ते ६ टक्क्यांच्या वरही जातं. सपाट चमचाभर हळद म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. ३ टक्क्यांनी त्यात ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन आलं. भावनगरला ६० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली छापून आलेल्या चाचणीत मात्रा होती रोज १,००० मिलिग्रॅम, सहा आठवडे. म्हणजे रोज अकरा चमचे हळद! त्या चाचणीत कर्क्युमिन आणि फ्लुऑक्झेटिन हे नैराश्यावरचं नेहमीचं औषध यांच्या परिणामात ठळक फरक दिसला नाही, पण रुग्ण थोडे होते आणि तुलनेला खोट्या गोळीचा गट नव्हता. दूध-हळदीच्या कपाला तो निकाल चिकटवता येत नाही.

शिवाय पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं पोचतच नाही. आतडं आणि यकृत त्याला लगेच दुसऱ्या रेणूंशी जोडून बाहेरची वाट दाखवतात. मिऱ्यातलं पायपरिन हे काम मंदावतं. बंगळुरूच्या १९९८ सालच्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण वीस पटींनी वाढलं. वीस पट ऐकायला मोठं वाटतं, पण मुळात आकडा जवळजवळ शून्य होता. तेवढं पायपरिन आठ-दहा मिऱ्यांत असतं. सावजी रश्श्यात मिरे, हळद आणि तेल तिन्ही एकत्र येतात हे खरं. तेलाची तर्री मोजून घ्यायची तयारी असेल तर त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. घरच्या भाजीत हळद धुरावलेल्या तेलात टाकू नये. ती जळते आणि कडवट होते. कांदा परतून झाल्यावर आच कमी करून घालावी.

पायपरिन घातलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांचं मात्र जपून. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, खाज सुटली तर गोळी त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करावी. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर सुरूच करू नये.

नागपूरकरांच्या हाताशी हळदीपेक्षा जास्त बोलण्यासारखी गोष्ट आहे ती संत्रं. त्यातला मुख्य फ्लॅव्होनॉइड (वनस्पतीतल्या रसायनांचा एक प्रकार) म्हणजे हेस्पेरिडिन. तो रसात कमी आणि सालीत, सालीखालच्या पांढऱ्या भागात, फोडीवरच्या पापुद्र्यात, आपण नखाने सोलून टाकतो त्या शिरांमध्ये जास्त असतो. पाण्यात तो नीट विरघळतही नाही. गोठवलेल्या फोडीत दिसणारे पांढरे ठिपके त्याचेच स्फटिक असतात. लहान आतड्यात त्याला कुणी विचारत नाही. त्याला चिकटलेली साखर मोठ्या आतड्यातले जीवाणू तोडतात, मगच तो रक्तात शिरतो, आणि त्याची पातळी पाच ते सात तासांनी शिखर गाठते. सकाळी अकराला खाल्लेलं संत्रं संध्याकाळी कामाला लागतं ते असं. अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झाला असेल तर हे काम मंदावतं. म्हणून आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमन्याहून येतात, तेव्हा गाळलेल्या ग्लासापेक्षा शिरांसकट दोन संत्री चावून खाल्लेली बरी. ग्लासभर रसाला तीन-चार लागतात, साखर तेवढी येते आणि कामाचा भाग गाळणीत राहतो. संत्रा बर्फीचा इथे काही संबंध नाही, ती आवडते म्हणून खावी.

प्रयोगशाळेत पेशींवर ओतलेले कर्क्युमिन-हेस्पेरिडिनसारखे रेणू दाहाची कळ, म्हणजे एनएफ-कप्पा-बी, झटपट बंद करतात. पण तिथली मात्रा जेवणातून रक्तात कधीच येत नाही. म्हणून खरी उलाढाल आतड्यात होत असावी, असं मानायला जागा आहे.

जवसाचं तेच. त्यातल्या लिग्नॅन या रसायनाचं, शरीराला शोषता येणारं एन्टेरोलॅक्टोन जीवाणूच करतात. अख्खा दाणा मात्र जसाच्या तसा बाहेर पडतो, त्यामुळे कुटणं भाग आहे. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून आठवडाभर पुरेल एवढीच चटणी कुटावी. जास्त केली तर तेल खवट होतं आणि चटणीला ऑइल पेंटचा वास येतो. येणारच, कारण तो रंग याच तेलात कालवतात. सुरुवात रोज एका चहाच्या चमच्याने करावी, नाहीतर पोट फुगतं. पोह्याच्या चमचाभर पुडीत दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ असतं, पण शरीर त्याचा थोडाच भाग ईपीएमध्ये, म्हणजे माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ मध्ये, बदलतं. माशाच्या तेलाच्या चाचण्यांचे निकाल जवसाच्या नावावर खपवू नयेत.

एकेका पदार्थापेक्षा अख्ख्या ताटाचा पुरावा बरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या 'स्माइल्स' चाचणीत ६७ रुग्णांपैकी निम्म्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत दिली: भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खं धान्य, दाणे, ऑलिव्ह तेल. आहारगटात ३२ टक्के रुग्ण नैराश्याबाहेर आले, नुसत्या गप्पा-सोबतीच्या गटात ८ टक्के. यात पळवाट आहेच, आपण काय खातोय हे रुग्णाला माहीत असतं. आणि बहुतेकांचे उपचार सोबत चालूच होते. आपल्याकडे हे ताट ज्वारीची भाकरी, तूर-मूग, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि मूठभर शेंगदाण्यांनी भरतं.

चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्यावा. त्यातले पॉलिफेनॉल लोह बांधून ठेवतात, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड आधी बघावेत. सीआरपी तपासायचं तर सर्दी-तापात किंवा दात दुखत असताना नको. १० च्या वर आलं तर बहुधा संसर्ग असतो, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावं.

नैराश्याच्या गोळ्या चालू असताना त्या कमी करून काढे वाढवू नयेत. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट काही औषधांचं विघटन रोखतात, फिट्सवर दिलं जाणारं कार्बामाझेपिन त्यांतलं एक. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्याने चहा-कॉफी एकदम सोडू नये, त्याने रक्तातलं लिथियम चढतं. मे महिन्यातल्या ४५ अंशांत पाणी कमी पडलं किंवा मीठ तोडलं तरी तसंच होतं. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठावं. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर आहाराचा विचार बाजूला ठेवून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावावा, तिथे दिवस-रात्र कधीही मराठीत बोलता येतं.