जुनं जहाज रंगवलं म्हणून आइसब्रेकर होत नाही

ध्रुवीय सफरीसाठी बदललेलं प्रत्येक जुनं जहाज ‘बर्फ फोडत जातं’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस फिनलंडमध्ये बांधलेली ‘अकादेमिक इओफे’ आणि ‘अकादेमिक सर्गेई वाविलोव’ ही मुळात सोव्हिएत संशोधन जहाजं. प्रयोगशाळांच्या जागी पुढे प्रवासी आले, पण जहाजाचा सांगाडा तोच राहिला. पाण्याच्या रेषेलगत जाड पत्रा आणि आत जवळजवळ बसवलेल्या फासळ्या; बर्फाचे तुकडे सोसायला एवढं पुरतं, अखंड थर फोडायला नाही. आइसब्रेकरचा पुढचा भाग उतरता असतो. तो बर्फावर चढतो आणि जहाजाच्या वजनाने बर्फ खाली मोडतो. त्यासाठी इंजिनही तसंच दणकट लागतं. ‘कापितान ख्लेबनिकोव’ प्रवासी नेऊ लागलं, पण ते मुळातच आइसब्रेकर होतं.

केबिन, जेवणघर, रबरी बोटींसाठी क्रेन हे नंतर बसवता येतं. कणा बदलणं म्हणजे जवळपास नवं जहाजच बांधणं. म्हणून तिकीट काढण्याआधी जहाजाचा बर्फश्रेणीचा दाखला, म्हणजे ते किती बर्फ सोसू शकतं याचं प्रमाणपत्र, जरूर विचारा. खास ध्रुवीय सफरींसाठीच बांधलेलं ‘एक्सप्लोरर’सुद्धा २००७मध्ये अंटार्क्टिकाजवळ बर्फाला धडकून बुडालं, सुदैवाने सगळे वाचले.