आतड्याच्या जोडाची गळती: साधी क्लिप आणि टोपीवरची क्लिप

आतड्याचा रोगट भाग काढून उरलेली दोन टोके जोडल्यावर, तो जोड भरून येण्याआधीच कधीकधी गळू लागतो, आणि हे बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात येते. अशा वेळी पोट पुन्हा न उघडता दुर्बिणीतून क्लिप लावण्याचा पर्याय पुढे येतो. पण 'क्लिप' या एकाच शब्दात दोन निराळी साधने मोडतात.

साधी क्लिप दुर्बिणीच्या आतल्या नळीतून जाते. ही नळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असल्याने क्लिपचे जबडेही बारीकच असतात आणि त्यांच्या हाती मुख्यतः भिंतीचे अस्तर लागते. पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली लहान गाठ, काढताना नुकत्याच पडलेल्या लहान भोकाला किंवा रक्तस्रावाला तेवढी पकड पुरते, कारण तिथली कड ताजी आणि मऊ असते. गळक्या जोडाची कड मात्र सुजलेली, आणि दिवस उलटले असतील तर चिवट झालेली असते, त्यामुळे जबडे घसरतात किंवा अस्तरच फाटते.

दुसरी क्लिप नायटिनॉलची, म्हणजे ताण सुटताच मूळ आकारात परतणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते आणि ती दुर्बिणीच्या टोकावरच्या पारदर्शक टोपीवर ताणून चढवलेली असते. भोकाची एक कड, मग दुसरी, अशा दोन्ही दुहेरी चिमट्यात धरून टोपीत ओढून घेतात. बाहेरचे चाक फिरवले की दोरा ताणला जातो, क्लिप टोपीवरून सुटते आणि अस्वलाच्या पंज्यासारखी मिटते. ती भिंतीची पूर्ण जाडी धरते, म्हणून सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंतच्या भोकासाठी तिचा विचार होतो. मात्र ती चुकीच्या जागी बसली तर काढणे सोपे नसते. साधी क्लिप आपसूक गळून शौचावाटे जाते; ही महिनोन्‌महिने राहू शकते.

तरीही माझ्या मते क्लिप कोणती, याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: भोकामागे पू साठला आहे का? सीटी स्कॅनमध्ये पोकळी दिसत असेल, तर तिचा निचरा न करता तोंड बंद करणे म्हणजे पू आत कोंडणे होय. संसर्ग पोटभर पसरला असेल तर शस्त्रक्रियाच लागते. पोकळी एका जागी मर्यादित असेल, विशेषतः गुदाशयाच्या जोडाशी, तर तिच्यात स्पंज ठेवून नळीने सतत शोषण करतात आणि दर तीन-चार दिवसांनी तो बदलताना, पोकळी आकसेल तसा, आधीपेक्षा लहान कापतात.