फाटकाबाहेरचे पहिले पंधरा दिवस

नागपूरचे मध्यवर्ती कारागृह १८६४ सालचे आहे. ज्या वर्धा रोडलगत ते उभे आहे तो रस्ता मात्र गेल्या दहा वर्षांत ओळखू येऊ नये इतका बदलला आहे. २०१० च्या सुरुवातीला आत गेलेला माणूस आज सुटला, तर त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावत असते, छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल जागेवर नसतो आणि चहाचे पैसे लोक मोबाइलने देत असतात. आधार कार्डही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, आपल्याच राज्यातल्या टेंभली गावापासून सुरू झाले. म्हणजे आज ज्याच्यावाचून सिमकार्ड मिळवणे अवघड होते, ते कार्ड तो आत गेला तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

मागे एकदा सकाळी राहाटे कॉलनीजवळच्या पोह्यांच्या ठेल्यावर मी उभा असताना कापडी पिशवी घेतलेले एक पन्नाशीचे गृहस्थ भाच्यासोबत आले. ठेलेवाल्याने विचारले, "तर्री कमी की जास्त?" गृहस्थ गप्प. त्याने पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी भाच्याकडे पाहिले, आणि भाचाच म्हणाला, "मामाजींना कमीच द्या, आजच सुटले." प्रश्न तर्रीचा होता, पण किती, कधी, कोणते हे ठरवण्याची सवयच मोडली होती.

या सवयमोडीला समाजशास्त्रात नाव आहे. डोनाल्ड क्लेमर या अमेरिकी अभ्यासकाने १९४० मध्ये 'तुरुंगीकरण' ही कल्पना मांडली. बंदी हळूहळू कारागृहाची दिनचर्या, भाषा आणि अलिखित नियम अंगी बाणवतो, असे त्याचे म्हणणे होते. गिनती, जेवण, टाळे लागणे, दिवा मालवणे या साऱ्यांची वेळ दुसरा कोणीतरी ठरवतो आणि दाराची कडी आतल्या बाजूला नसते. अशा जागी टिकून राहायचे तर स्वतः निर्णय न घेणे हेच शहाणपणाचे असते. आत उपयोगी पडलेले हे शहाणपण फाटकाबाहेर एका दिवसात निरुपयोगी ठरते.

सुटकेनंतरचा हा सुरुवातीचा काळ किती नाजूक असतो, याचा सर्वांत बोलका पुरावा वैद्यकातून आला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ जणांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांचा मृत्युदर त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता आणि मृत्यूचे सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिरेकी डोस हे होते. यामागचे शरीरशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. अफूवर्गीय पदार्थ रोज घेणाऱ्याच्या मेंदूतील ग्राहके, म्हणजे तो पदार्थ जिथे चिकटून परिणाम करतो त्या जागा, हळूहळू बधिर होतात, म्हणून त्याला मात्रा वाढवावी लागते. आत पदार्थ मिळेनासा झाला की ही सहनशक्ती काही आठवड्यांत ओसरते, पण मनाला आठवण राहते ती जुन्या मात्रेची. बाहेर येऊन माणूस तीच मात्रा घेतो आणि श्वासावर नियंत्रण ठेवणारे मेंदूतील केंद्र मंदावते. आपल्याकडचे व्यसनांचे चित्र अमेरिकेसारखे नाही, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. मात्र देहाची ही रीत सगळीकडे सारखीच आहे आणि सुटकेपूर्वी पाच मिनिटे काढून ती बंद्याला सांगता येते.

निर्णय घेण्याची सवय परत आणायची तर ती थोडी थोडी वापरायला द्यावी लागते. महाराष्ट्रातली संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, यांकडे लोक सवलत म्हणून पाहतात आणि एखादा रजेवरून फरार झाला की ती बंदच करावी अशी ओरड होते. माझ्या मते ही रजा सुटकेची रंगीत तालीम आहे, आणि तालमीशिवाय प्रयोग लावणारा दिग्दर्शक कोणी शहाणा मानत नाही. खुल्या कारागृहांत हीच तालीम लांबवली जाते. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील मोर्शीला खुले कारागृह आहे. तिथे भिंतीपेक्षा माणसाच्या शब्दावर अधिक भिस्त असते.

कारागृहातील शिक्षणाविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१३ च्या अहवालातला आहे. शिकणाऱ्या बंद्यांची पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी, असे तो सांगतो. हा आकडा सांख्यिकीच्या भाषेत 'पैजेच्या गुणोत्तराचा' आहे, म्हणजे त्यात परत जाणाऱ्यांची तुलना एकूण माणसांशी नव्हे, तर परत न जाणाऱ्यांशी केलेली असते. साध्या हिशेबात फरक सुमारे १३ टक्के-बिंदूंचा, म्हणजे शंभरांमागे तेरा माणसांचा होतो. शिवाय वर्गात स्वतःहून बसणारा बंदी मुळातच सुधारण्याच्या वाटेवर असू शकतो, त्यामुळे सगळे श्रेय वर्गाला देता येत नाही. एवढी वजावट केली तरी तेरा माणसे थोडी नव्हेत.

पण शिकून काम मिळेल का? डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ महिलेने मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेच्या तरुणांना नोकरीचे अर्ज करायला पाठवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुरुंगवास सांगणाऱ्या गोऱ्या अर्जदारांना १७ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले, न सांगणाऱ्यांना ३४ टक्के. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण ५ आणि १४ टक्के होते. म्हणून आतमध्ये शिकवलेली सुतारकी किंवा शिवणकाम स्वतःच्या धंद्याला उपयोगी पडेल असे असणे जास्त महत्त्वाचे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यापासून सुरू केलेली 'जिव्हाळा' योजना बंद्यांना ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण, ७ टक्के व्याजाने देते. घरचा एखादा खर्च त्यातून भागतो, आणि कर्जफेड करणारा खातेदार ही ओळखही बाहेर कामी येऊ शकते.

पैसा आणि मन यांची जोडी लावावी लागते, हे लायबेरियातील मॉनरोव्हिया शहरातल्या एका प्रयोगात दिसले. गुन्ह्यांत गुंतलेल्या ९९९ पुरुषांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काहींना आठ आठवड्यांची वर्तनोपचार-सत्रे, काहींना २०० डॉलर, काहींना दोन्ही देण्यात आले आणि काहींना काहीच देण्यात आले नाही. वर्षानंतर परिणाम टिकला तो मुख्यतः दोन्ही मिळालेल्यांत. राग आल्यावर थांबायला शिकण्याचा सराव मुरेपर्यंत पोटापाण्याचा आधार पुरला, असा संशोधकांचा कयास आहे.

आता अडचण अशी, की वरची बहुतेक व्यवस्था पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, बोलीभाषेत कच्चे कैदी, होते. त्यांना संचित रजा नाही आणि सुटकेची ठरलेली तारीख नाही. जामिनाचा आदेश पोहोचतो आणि त्याच संध्याकाळी माणूस वर्धा रोडवर उभा असतो. अशा माणसाची तयारी शेवटच्या महिन्यात करू म्हटले तर तो महिना कधीच येत नाही. ती आत आल्या दिवसापासून करावी लागते. त्यात फार मोठे काही नाही: आधार काढणे, नातेवाइकांचे दोन दूरध्वनी क्रमांक तोंडपाठ करवून घेणे, आणि औषधे सुरू असतील तर त्यांचा कागद तयार ठेवणे. दाटीवाटीच्या बराकींत क्षयरोग सहज पसरतो, त्याचा साधा उपचारही सहा महिन्यांचा असतो आणि तो मध्येच सुटला तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. रुग्णाचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात चालतो. तेवढी चिठ्ठी त्याच्या पिशवीत घातली, तर तिसऱ्या महिन्यात सुटलेला माणूस चौथ्या महिन्याच्या गोळ्या आपल्या गावच्या आरोग्य केंद्रातून घेऊ शकतो.