सेइजिन-शिकी

जपानमध्ये तरुण-तरुणी सज्ञान झाल्याबद्दल होणारा सार्वजनिक सोहळा. तो जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारच्या, म्हणजे ‘सेइजिन नो हि’ (सज्ञान दिन) या राष्ट्रीय सुटीच्या सुमारास होतो. भरवते नगरपालिका, निमंत्रणही तिचेच. महापौरांचे भाषण, नव्या पिढीतर्फे एखाद्याचे मनोगत, छोटी भेटवस्तू, एवढाच कार्यक्रम. भाषण सगळेच ऐकतात असे नाही. २००१ मध्ये ताकामात्सु शहरात काही तरुणांनी चक्क महापौरांवर फटाके उडवले आणि त्यांना अटक झाली.

पूर्वी सामुराई घराण्यांत मुलग्यांचे ‘गेन्पुकु’, म्हणजे सज्ञान होण्याचा विधी, होई. केसांची ठेवण बदलायची, एबोशी नावाची टोपी चढवायची आणि बाळपणीचे नाव टाकून नवे घ्यायचे. पुढे शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेला तोकुगावा इएयासु लहानपणी ताकेचियो होता. गेन्पुकुच्या वेळी तो मोतोनोबु झाला. वयाचा काटेकोर नियम नव्हता. सज्ञानतेसाठी वीस वर्षांची मर्यादा १८७६ मध्ये सरकारने घातली.

आजच्या सोहळ्याचे मूळ मात्र साइतामा प्रांतातल्या वाराबी गावात आहे. युद्धातल्या पराभवाने खचलेल्या तरुणांना उभारी यावी म्हणून तिथे नोव्हेंबर १९४६ मध्ये मेळावा भरला. १९४८ च्या कायद्याने १५ जानेवारी हा सुटीचा दिवस ठरला; २००० पासून तो सोमवारी आला.

खरा जीव कपड्यांत अडकलेला असतो. मुली ‘फुरिसोदे’ नेसतात: पोटऱ्यांपर्यंत लोंबणाऱ्या बाह्यांचा, अविवाहितेचा किमोनो. त्यावर गळ्याभोवती पांढरी फर. केशरचनेसाठी उजाडायच्या आधीच सलून गाठावे लागते. नवा फुरिसोदे फार महाग, म्हणून बऱ्याच जणी तो कितीतरी महिने आधी भाड्याने ठरवतात. काही आईचाच नेसतात, आपल्याकडे आईचा शालू काढावा तसा. २०१८ मध्ये योकोहामातल्या एका भाडे-कंपनीने ऐन सोहळ्याच्या दिवशी दुकान बंद ठेवले, आणि पैसे भरलेल्या कित्येक मुलींना किमोनोच मिळाला नाही.

एप्रिल २०२२ पासून सज्ञानतेचे वय १८ झाले. बहुतेक नगरपालिकांनी सोहळा विसाव्या वर्षीच ठेवला. नाव तेवढे ‘हाताचि नो त्सुदोइ’, म्हणजे विशीचा मेळावा, असे केले. अठराव्या वर्षीचा जानेवारी विद्यापीठ-प्रवेश परीक्षांचा असतो, तेव्हा किमोनोची हौस करायला कुणाला फुरसत? शिवाय दारू आणि सिगारेटची वयोमर्यादा कायद्याने अजून २० च आहे, त्यामुळे सोहळ्यानंतर मित्रांबरोबर पेला उचलायलाही विसावे वर्षच सोयीचे पडते.